‘डार्विन’मधले ‘विन’: कोडमधून ऑपरेटिंग सिस्टीम ओळखताना

प्रश्न असा आहे: पायथनमधली एक स्क्रिप्ट पीडीएफ रिपोर्ट तयार करते आणि शेवटी तो उघडून दाखवते. विंडोजवर आणि उबुंटूवर ती नीट चालते, पण मॅकवर ‘ओएस मॉड्यूलमध्ये स्टार्टफाइल नावाचे काही नाही’ अशी एरर देऊन थांबते. तपासणीची ओळ साधी आहे: सिस.प्लॅटफॉर्म या स्ट्रिंगमध्ये ‘विन’ सापडले तर विंडोज, नाहीतर लिनक्स. सोबत दोन उपप्रश्न आहेत. विंडोज ११ च्या मशीनवर आवृत्ती १० का दिसते? आणि हीच ओळख जावा, नोड, सी आणि शेल स्क्रिप्टमध्ये कशी करायची?

आधी एक सूचना. कोडमधली नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांमुळे जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

मॅकवरची चूक दोन मिनिटांत सापडण्यासारखी आहे. मॅकच्या कर्नलचे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचे, नाव डार्विन, म्हणून पायथन तिथे सिस.प्लॅटफॉर्ममध्ये ‘डार्विन’ देतो. रोमन लिपीत लिहिलेल्या या शब्दाची शेवटची तीन अक्षरे ‘विन’ आहेत. त्यामुळे स्ट्रिंगमध्ये ‘विन’ शोधणारी अट मॅकवरही खरी ठरते, कोड विंडोजच्या फांदीत शिरतो आणि फक्त विंडोजवर असलेले ओएस.स्टार्टफाइल बोलावतो. विंडोजवर युनिक्ससारखे वातावरण देणाऱ्या ‘सिगविन’चेही तसेच: तोही ‘विन’ने संपतो, पण त्याच्या आतले पायथन युनिक्ससारखे वागते. पीएचपीमध्ये पीएचपी_ओएस या स्थिरांकात ‘विन’ शोधणाऱ्या कोडला नेमका हाच रोग आहे. म्हणून पहिला नियम: तुकडा शोधू नका. पूर्ण किंमत जुळवा, नाहीतर स्ट्रिंगची सुरुवात जुळवा.

पायथनमध्ये हे विचारायच्या तीन जागा आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ओएस.नेम सर्वांत ढोबळ: विंडोजवर ‘एनटी’, लिनक्स, मॅक आणि बीएसडीवर ‘पॉझिक्स’. पाथ, प्रोसेस, सिग्नल यांची वागणूक विंडोजसारखी की युनिक्ससारखी, एवढेच हवे असेल तर तो पुरतो. मॅक आणि लिनक्स मात्र त्यावरून वेगळे करता येत नाहीत.

दुसरी जागा सिस.प्लॅटफॉर्म. ही किंमत पायथन बिल्ड करताना ठरते आणि त्या बायनरीत कायम राहते. विंडोजवर ती ‘विन३२’ असते आणि ६४ बिट विंडोजवर ६४ बिट पायथन असले तरी ‘विन३२’च राहते. यातला ‘३२’ विंडोजच्या जुन्या एपीआयच्या नावातून आला आहे. बिटांशी त्याचा संबंध नाही. ‘विन६४’ अशी किंमत कधीच येत नाही, म्हणून तिची वाट पाहणारी अट काढून टाका. लिनक्सवर पायथन ३.३ पासून नुसते ‘लिनक्स’ येते. पायथन २ च्या काळात ‘लिनक्स२’ यायचे. तो जुना कोड अजून कुठे चालवायचा असेल तर स्ट्रिंगची सुरुवात जुळवणारे स्टार्ट्सविथ वापरा. फ्रीबीएसडीवर बऱ्याच आवृत्त्यांमध्ये नावाला मुख्य आवृत्तीचा आकडा चिकटतो, ‘फ्रीबीएसडी१३’ असा; तिथेही स्टार्ट्सविथच योग्य. अँड्रॉइडवर पायथन ३.१३ पासून ‘अँड्रॉइड’ येते, त्याआधी ‘लिनक्स’ यायचे. आयफोनसाठीही त्याच आवृत्तीपासून ‘आयओएस’ आहे.

तिसरी जागा प्लॅटफॉर्म.सिस्टम(). हे फंक्शन प्रोग्रॅम चालू असताना सिस्टीमलाच विचारते आणि ‘विंडोज’, ‘लिनक्स’, ‘डार्विन’ ही नावे पहिले अक्षर कॅपिटल ठेवून देते. उत्तर कळले नाही तर रिकामी स्ट्रिंग येते आणि ही रिकामी स्ट्रिंग अनेकांच्या कोडमध्ये गुपचूप ‘नाहीतर’च्या फांदीत जाते. मॅकवर इथे ‘मॅकओएस’ येत नाही, हेही ध्यानात असू द्या. लॉगमध्ये लिहायला किंवा माणसाला दाखवायला हे फंक्शन चांगले आहे.

कोडची फांदी निवडायला मात्र मी सिस.प्लॅटफॉर्मच सुचवतो, आणि त्याला एक व्यवहारी कारण आहे. मायपाय आणि पायराइट यांसारखी टाइप तपासणारी साधने सिस.प्लॅटफॉर्मची थेट बरोबरी आणि स्टार्ट्सविथ ओळखतात. ‘विन३२’च्या फांदीत एमएसव्हीसीआरटी हे फक्त विंडोजवरचे मॉड्यूल वापरलेले दिसले तर लिनक्सवर तपासताना ही साधने ती फांदी बाजूला ठेवतात. प्लॅटफॉर्म.सिस्टम()ची तुलना त्यांना कळत नाही, आणि मग नसलेल्या मॉड्यूलबद्दल खोट्या तक्रारींचा ढीग लागतो. तपासणी एखाद्या व्हेरिएबलमध्ये साठवून पुढे वापरली तरी ही सोय जाते, म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी ती थेटच लिहा.

तर मूळ स्क्रिप्टमधला तुकडा असा होईल:

इफ सिस.प्लॅटफॉर्म == 'विन३२':
    ओएस.स्टार्टफाइल(फाइल)
एलिफ सिस.प्लॅटफॉर्म == 'डार्विन':
    सबप्रोसेस.रन(['ओपन', फाइल], चेक=ट्रू)
एलिफ सिस.प्लॅटफॉर्म.स्टार्ट्सविथ('लिनक्स'):
    सबप्रोसेस.रन(['एक्सडीजी-ओपन', फाइल], चेक=ट्रू)
एल्स:
    रेझ रनटाइमएरर('अनोळखी सिस्टीम: ' + सिस.प्लॅटफॉर्म)

शेवटची फांदी सोडू नका. ‘नाहीतर लिनक्स’ असे गृहीत धरल्यामुळेच अशा चुका महिनोन्महिने लपून राहतात. अनोळखी नाव आले तर ते नाव एररमध्ये छापून थांबावे. वापरणाऱ्याने एररची ती एक ओळ पाठवली की दुरुस्ती कुठे करायची ते लगेच कळते.

हा तुकडाही एका ठिकाणी अडखळेल: डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारे लिनक्स. तिथे सिस.प्लॅटफॉर्म ‘लिनक्स’च सांगतो आणि ते खरेही आहे. पण एक्सडीजी-ओपन तिथे बहुधा बसवलेले नसते, आणि बसवले तरी उघडण्यासाठी लिनक्सचा पीडीएफ वाचक नसतो. डब्ल्यूएसएल ओळखायचा नेहमीचा उपाय म्हणजे कर्नलच्या रिलीजमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ शोधणे. प्लॅटफॉर्म.रिलीज() किंवा ‘युनेम -आर’ डब्ल्यूएसएल २ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट-स्टँडर्ड-डब्ल्यूएसएल२’ असा शेवट देते, तर डब्ल्यूएसएल १ मध्ये शेवटी ‘मायक्रोसॉफ्ट’ येते, तेही पहिले अक्षर कॅपिटल असलेले. म्हणून आधी सगळे स्मॉल अक्षरांत करून मग शोधा. डब्ल्यूएसएल_डिस्ट्रो_नेम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर एकट्यावर विसंबू नका: सुडोने चालवलेल्या कमांडपर्यंत तो सहसा पोहोचत नाही. ओळख पटली की ‘डब्ल्यूएसएलपाथ -डब्ल्यू’ने पाथ विंडोजच्या रूपात बदलून एक्सप्लोरर.एक्झीला द्यायचा. एक्सप्लोरर.एक्झी काम नीट झाले तरी एक्झिट कोड १ परत करतो, म्हणून या एका ठिकाणी चेक=ट्रू काढावे लागते; नाहीतर पीडीएफ डोळ्यांसमोर उघडलेला असतो आणि स्क्रिप्ट मात्र अपयशाचा अहवाल देते.

आता विंडोज ११ आणि १० चा घोळ. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ आणताना आतला आवृत्ती क्रमांक बदललाच नाही. दोन्हींचा मुख्य क्रमांक १०.० आहे, फरक फक्त बिल्डमध्ये. विंडोज ११ चे पहिले सार्वजनिक बिल्ड २२००० होते, म्हणून घरगुती किंवा ऑफिसच्या विंडोजवर बिल्ड २२००० किंवा पुढचे असेल तर ११, कमी असेल तर १०. पायथनच्या जुन्या आवृत्त्यांना हा नियम माहीत नव्हता, म्हणून प्लॅटफॉर्म.रिलीज() तिथे ‘१०’ सांगते. सिस.गेटविंडोजव्हर्जन().बिल्ड वाचून स्वतः तुलना केली की प्रश्न मिटतो. तुलना आकड्यांची करा, स्ट्रिंगची नको: स्ट्रिंग म्हणून ‘९६००’ हे ‘२२०००’पेक्षा मोठे ठरते, कारण ‘९’ हे ‘२’च्या पुढे येते. सर्व्हरवर हा नियम लावू नका. सर्व्हर २०२२ चे बिल्ड २०३४८, सर्व्हर २०२५ चे २६१००, आणि सर्व्हर २०१६ चे १४३९३, जे विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीचेही आहे. सर्व्हर की साधे विंडोज, हे त्याच ऑब्जेक्टमधल्या प्रॉडक्ट_टाइपवरून कळते: १ म्हणजे वर्कस्टेशन, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर, ३ म्हणजे सर्व्हर.

रजिस्ट्रीतून नाव वाचायचा मोह अनेकांना होतो. तिथे करंटव्हर्जन या कीखाली प्रॉडक्टनेम असते, आणि विंडोज ११ वरसुद्धा त्यात ‘विंडोज १० प्रो’ असे लिहिलेले सापडते. त्याच कीमधली करंटव्हर्जन नावाची किंमत तर विंडोज १० आणि ११ दोन्हींवर ६.३ वर थांबलेली आहे. जुने प्रोग्रॅम बिघडू नयेत म्हणून या किमती तशाच ठेवल्या जातात. रजिस्ट्री वाचायचीच असेल तर करंटबिल्डनंबर वाचा आणि २२एच२ सारखे नाव दाखवायचे असेल तर डिस्प्लेव्हर्जन घ्या.

सी किंवा सी++ मध्ये विंडोजची आवृत्ती विचारताना याच कारणाने आणखी एक सापळा बसतो. विंडोज ८.१ पासून गेटव्हर्जनएक्स हे फंक्शन प्रोग्रॅमचे मॅनिफेस्ट, म्हणजे त्याला जोडलेली माहितीची नोंद, बघून उत्तर देते. मॅनिफेस्टमध्ये सपोर्टेडओएस या नोंदीखाली त्या विंडोजचा जीयूआयडी (ओळख क्रमांक) नसेल तर प्रोग्रॅमला ६.२, म्हणजे विंडोज ८, असेच सांगितले जाते. इझविंडोज१०ऑरग्रेटर सारखी सोयीची फंक्शनेही या मॅनिफेस्टला बांधलेली आहेत. मॅनिफेस्ट घालणे हा सरळ उपाय. एनटीडीएलएलमधले आरटीएलगेटव्हर्जन मॅनिफेस्टकडे न पाहता खरे उत्तर देते. पायथनच्या स्वतःच्या एक्झीत मॅनिफेस्ट असते, म्हणून तिथे हा त्रास सहसा दिसत नाही. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पायथन एम्बेड केले की त्या प्रोग्रॅमचे मॅनिफेस्ट लागू होते. डॉटनेटमध्ये एन्व्हायर्नमेंट.ओएसव्हर्जन याच कारणाने बरीच वर्षे ६.२ सांगत असे. डॉटनेट ५ पासून ते खरी आवृत्ती देते. फक्त नाव हवे असेल तर त्याच आवृत्तीपासून ऑपरेटिंगसिस्टम.इझविंडोज(), इझलिनक्स(), इझमॅकओएस() ही फंक्शने आहेत, ती वापरा. एन्व्हायर्नमेंट.ओएसव्हर्जन.प्लॅटफॉर्म मॅकवरही ‘युनिक्स’ सांगतो, त्यामुळे मॅक ओळखायला तो निरुपयोगी आहे.

मॅकच्या आवृत्तीचीही अशीच गोष्ट. २०२० मध्ये मॅकओएस १०.१५ नंतर ११ आले. जुन्या एसडीकेने बिल्ड केलेल्या प्रोग्रॅमना तेव्हा ‘१०.१६’ असे सांगितले जाऊ लागले, कारण पहिला आकडा कायम १० असणार असे गृहीत धरणारा कोड जगभर पसरला होता. प्लॅटफॉर्म.मॅक_व्हर() कडून १०.१६ आले तर खरी आवृत्ती ११ किंवा त्यापुढची आहे असे समजा. टर्मिनलमध्ये ‘एसडब्ल्यू_व्हर्स -प्रॉडक्टव्हर्जन’ चालवून खात्री करून घ्या. कर्नलची आवृत्ती वेगळी मोजली जाते: डार्विन २० म्हणजे मॅकओएस ११, २१ म्हणजे १२, २३ म्हणजे १४, २४ म्हणजे १५. प्लॅटफॉर्म.रिलीज() हा डार्विनचा आकडा देते. तो मॅकओएसची आवृत्ती म्हणून कुणाला दाखवू नका.

प्रोसेसरचे नाव विचारताना प्रत्येक सिस्टीमची तऱ्हा निराळी. त्याच ६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरला प्लॅटफॉर्म.मशीन() विंडोजवर ‘एएमडी६४’ म्हणते, लिनक्स-मॅकवर ‘एक्स८६_६४’. ६४ बिट आर्मला मॅकवर ‘आर्म६४’, लिनक्सवर ‘एआर्च६४’ आणि विंडोजवर तेच ‘आर्म६४’ कॅपिटल अक्षरांत. म्हणून आधी स्मॉल करा, मग या जोड्या एकाच नावात बसवा. ॲपलच्या एम मालिकेच्या मशीनवर इंटेलसाठी बनवलेले पायथन रोझेटा या ॲपलच्या अनुवादकातून चालत असेल तर उत्तर ‘एक्स८६_६४’ येते. मशीन खरोखर कोणते, हे ‘सिसकंट्रोल’ला सिसकंट्रोल.प्रॉक_ट्रान्सलेटेड विचारून कळते: १ आले तर रोझेटा चालू आहे.

लिनक्समध्ये ‘लिनक्स’ एवढे उत्तर बहुतेकदा अपुरे पडते, कारण पॅकेज बसवायला एपीटी वापरायचे की डीएनएफ, हे डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या वितरणावर, ठरते. यासाठी पूर्वी प्लॅटफॉर्म.लिनक्स_डिस्ट्रिब्युशन() होते, पायथन ३.८ मध्ये ते काढून टाकले. जुन्या लेखांमधून ते उचललेत तर ॲट्रिब्यूट एरर मिळेल. पायथन ३.१० पासून प्लॅटफॉर्म.फ्रीडेस्कटॉप_ओएस_रिलीज() आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी ‘डिस्ट्रो’ हे पॅकेज. दोन्ही मुख्यतः /ईटीसी/ओएस-रिलीज ही फाइल वाचतात. ती साधी मजकूर फाइल आहे, प्रत्येक ओळीत नाव, बरोबरचे चिन्ह आणि किंमत. किंमत कधी अवतरणात असते, कधी नसते, म्हणून स्वतः वाचत असाल तर अवतरणे काढायला विसरू नका. फाइल तिथे नसेल तर /यूएसआर/लिब/ओएस-रिलीज बघायची.

या फाइलीतले प्रेटी_नेम फक्त माणसांना दाखवायचे. निर्णय आयडी आणि आयडी_लाइक यांवर घ्या. उबुंटूत आयडी ‘उबुंटू’ आणि आयडी_लाइक ‘डेबियन’. लिनक्स मिंटमध्ये आयडी_लाइकमध्ये ‘उबुंटू डेबियन’ असे दोन शब्द. रॉकीमध्ये ‘आरएचईएल सेंटओएस फेडोरा’. म्हणजे आयडी_लाइक ही स्पेसने तोडायची यादी आहे आणि जवळचे नाते आधी लिहिलेले असते. आधी आयडी जुळवा, नाही जुळला तर यादी डावीकडून वाचा. डेबियनवरून पुढे काढलेल्या वितरणांची संख्या फार मोठी आहे. सी-डॅकचे बॉस लिनक्सही डेबियनवरच उभे आहे. असे प्रत्येक नाव कोडमध्ये लिहीत बसण्यापेक्षा हे नाते बघणे कधीही शहाणपणाचे. शेवटी एपीटी-गेट ही कमांड खरोखर आहे का, हे शटिल.विच()ने विचारून घ्या. व्हर्जन_आयडी असेलच असे धरू नका: आर्चमध्ये ती नसते, डेबियनच्या टेस्टिंगमध्येही नसते.

कंटेनरमध्ये हे चित्र दुभंगते. डॉकरमध्ये अल्पाइनची इमेज उबुंटूच्या सर्व्हरवर चालत असेल तर ओएस-रिलीज अल्पाइन सांगते आणि युनेम -आर उबुंटूच्या कर्नलची आवृत्ती. दोन्ही खरे आहेत. पॅकेज, लायब्ररी, फाइली यांच्याबद्दल निर्णय असेल तर ओएस-रिलीज बघा. कर्नलच्या एखाद्या सुविधेबद्दल असेल तर कर्नल. अल्पाइनवर ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते, त्यामुळे ‘लिनक्स, एक्स८६_६४’ एवढे जुळवून उतरवलेली तयार बायनरी तिथे चालत नाही. तेव्हा येणारी ‘फाइल सापडत नाही’ ही एरर फार गोंधळात टाकते, कारण बायनरी समोर दिसत असते. सापडत नसतो तो तिला हवा असलेला ग्लिबसीचा लोडर.

जावामध्ये सिस्टम.गेटप्रॉपर्टी(‘ओएस.नेम’) विंडोजवर ‘विंडोज १०’, ‘विंडोज ११’ अशी आवृत्तीसकट स्ट्रिंग देते, म्हणून तिथे ‘विंडोज’ने सुरुवात होते का एवढेच बघायचे. मॅकवर अजूनही ‘मॅक ओएस एक्स’ येते. ‘विंडोज ९’ने सुरुवात होते का, अशी अट ९५ आणि ९८ पकडण्यासाठी लिहिलेली जुन्या कोडमध्ये अजून सापडते, ती पाहिलीत तर खोडून टाका. तुलनेआधी स्मॉल करत असाल तर टूलोअरकेसला लोकेल.रूट द्या. तुर्की लोकेलमध्ये कॅपिटल ‘आय’चे स्मॉल रूप बिनटिंबाचे होते, आणि ‘एआयएक्स’ हे नाव मग कशालाच जुळत नाही. ओएस.आर्च ही जेव्हीएमची रचना सांगते, मशीनची नव्हे. अँड्रॉइडवर ओएस.नेम ‘लिनक्स’च असते.

नोडमध्ये प्रोसेस.प्लॅटफॉर्म वापरा, किमती पायथनसारख्याच: ‘विन३२’, ‘डार्विन’, ‘लिनक्स’. ओएस.टाइप() मात्र ‘विंडोज_एनटी’ देतो. एकाच प्रोजेक्टमध्ये दोघांची सरमिसळ झाली की काही तपासण्या कधीच खऱ्या होत नाहीत. पीएचपीत ७.२ पासून पीएचपी_ओएस_फॅमिली आहे, त्यात ‘विंडोज’, ‘डार्विन’, ‘लिनक्स’, ‘बीएसडी’ अशी नेटकी नावे येतात.

ब्राउझरमधले जावास्क्रिप्ट हा वेगळाच प्रांत. तिथे तुम्ही मशीनला विचारत नाही, ब्राउझरला विचारता, आणि ब्राउझर गोपनीयतेसाठी जाणूनबुजून कमी सांगतो. क्रोममध्ये यूजर एजंट स्ट्रिंग विंडोज ११ वरही ‘विंडोज एनटी १०.०’ सांगते, आणि मॅकवर बहुधा ‘१०_१५_७’वर गोठलेली असते. आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरचा सफारी स्वतःला मॅक म्हणवतो, नॅव्हिगेटर.मॅक्सटचपॉइंट्स १ पेक्षा जास्त असेल तर तो आयपॅड समजायचा, कारण मॅकला टचस्क्रीन नसते. क्रोमियमच्या ब्राउझरांमध्ये नॅव्हिगेटर.यूजरएजंटडेटा आहे, तेही फक्त एचटीटीपीएसच्या पानांवर. त्यातून प्लॅटफॉर्मव्हर्जन मागितल्यास मुख्य आकडा १३ किंवा पुढे असेल तर विंडोज ११. सफारी आणि फायरफॉक्समध्ये हे नाही. डाउनलोडचे बटण ठरवण्यापुरते हे सगळे ठीक आहे, पण ‘इतर सिस्टीमसाठी’ अशी लिंक शेजारी नक्की ठेवा.

शेल स्क्रिप्टमध्ये ‘युनेम -एस’ आणि केस. ‘लिनक्स’ आणि ‘डार्विन’ पूर्ण जुळवता येतात; गिट बॅशमध्ये मात्र ‘एमआयएनजीडब्ल्यू६४_एनटी-१०.०’ आणि पुढे बिल्डचा आकडा असे येते, म्हणून तिथे सुरुवात जुळवून पुढे तारांकन लावायचे. ‘एमएसवायएस_एनटी’ आणि ‘सिगविन_एनटी’साठीही तसेच. बॅशमधला ओएसटाइप हा व्हेरिएबल सोयीचा वाटतो, पण तीच स्क्रिप्ट उबुंटूत ‘एसएच’ने, म्हणजे डॅशने, चालवली की तो रिकामा असतो.

सी, गो, रस्ट यांत तपासणी बहुतेकदा कंपाइल करतानाच होते, आणि तिथे विचारायचे नाव टार्गेटचे, म्हणजे प्रोग्रॅम जिथे चालणार त्या सिस्टीमचे, असते, तुम्ही बसलेल्या मशीनचे नव्हे. सीमध्ये _विन३२ हा मॅक्रो ३२ आणि ६४ बिट दोन्हींवर असतो, _विन६४ फक्त ६४ वर. पुढचा अंडरस्कोर गाळून लिहिलेला विन३२ कंपायलर सगळीकडे देईलच असे नाही. अँड्रॉइडवर __लिनक्स__ही डिफाइन असतो, म्हणून __अँड्रॉइड__ची तपासणी आधी करा. ॲपलवर __ॲपल__ मिळाल्यावर टार्गेटकंडिशनल्स ही हेडर फाइल घ्यावी लागते. तिथे नावावरून फसायला होते: टार्गेट_ओएस_मॅक आयफोनवरही १ असतो, फक्त मॅकसाठी टार्गेट_ओएस_ओएसएक्स आहे. हे मॅक्रो लागू नसतील तेव्हा ० म्हणून डिफाइन होतात, त्यामुळे ‘इफडेफ’ लिहिले तर अट नेहमीच खरी ठरते. ‘इफ’ लिहा.

गोमध्ये रनटाइम.जीओओएस हा कंपाइलच्या वेळचा स्थिरांक आहे. फाइलचे नाव ‘_विंडोज.गो’ने संपवले तर ती फक्त विंडोजसाठी कंपाइल होते. ‘लिनक्स’ हा बिल्ड टॅग अँड्रॉइडलाही लागू होतो. रस्टमध्ये सीएफजी!(टार्गेट_ओएस = ‘मॅकओएस’) चालते, पण बिल्ड.आरएस फाइलीत हेच लिहिले तर उत्तर बिल्ड करणाऱ्या मशीनचे येते. तिथे कार्गो_सीएफजी_टार्गेट_ओएस हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचायचा. सीमेकमध्ये सीमेक_सिस्टम_नेम म्हणजे टार्गेट, सीमेक_होस्ट_सिस्टम_नेम म्हणजे बिल्डचे मशीन. लिनक्सवर बसून विंडोजसाठी कंपाइल करताना या दोहोंची अदलाबदल झाली की चुका शोधण्यात दिवस जातात.

इतके सगळे सांगून एक आग्रह धरतो: नाव विचारण्याआधी, ते कशासाठी हवे आहे ते कागदावर एका ओळीत लिहा. फार वेळा नाव लागतच नाही. पाथ जोडायला पाथलिब आहे, सेटिंग्जचे फोल्डर शोधायला प्लॅटफॉर्मडिर्स हे पॅकेज आहे. फाइल लॉक करायची असेल तर युनिक्सवरचे एफसीएनटीएल मॉड्यूल इंपोर्ट करून बघा, इंपोर्ट एरर आली तर एमएसव्हीसीआरटी घ्या. फाइलींच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक होतो का, हे तर सिस्टीमच्या नावावरून ठरवूच नये: मॅकचा डिस्क फरक मानणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट करता येतो, आणि विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून एखाद्याच फोल्डरला ही सवय लावता येते. त्या फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल तयार करा, दुसऱ्या रूपातल्या नावाने ती सापडते का बघा, आणि पुसून टाका.

सुविधा आहे की नाही, एवढ्यावरही सगळीकडे भागत नाही. चालू प्रोसेसची प्रत काढणारे ओएस.फोर्क मॅकवर आहे, सुविधा आहे का ते तपासणारे हॅजॲटरही ‘आहे’ असेच सांगते. पण मॅकच्या स्वतःच्या लायब्ररी फोर्कनंतर बिघडू शकतात, म्हणून पायथन ३.८ मध्ये मल्टिप्रोसेसिंगने मॅकवर डीफॉल्ट पद्धत बदलून ‘स्पॉन’, म्हणजे नवी प्रोसेस सुरू करणारी, केली. अशा जागी नावाची तपासणीच बरोबर, आणि तिच्या वर कारणाची एक ओळ कॉमेंटमध्ये हवी, नाहीतर पुढचा माणूस ‘अनावश्यक’ म्हणून ती काढून टाकेल.

चाचणी करताना ओएस.नेम बदलून विंडोजचे सोंग आणू नका. लिनक्सवर ते ‘एनटी’ केले की पाथलिब विंडोजपाथ बनवायला जाते, ‘या सिस्टीमवर ते शक्य नाही’ म्हणून एरर देते, आणि तुमच्या टेस्टसोबत पायटेस्टही कोसळू शकते. त्यापेक्षा पीडीएफ उघडायला कोणती कमांड लागेल ते परत देणारे वेगळे फंक्शन लिहा, त्याला प्लॅटफॉर्मचे नाव पॅरामीटर म्हणून द्या, आणि टेस्टमधून ‘विन३२’, ‘डार्विन’, ‘लिनक्स’, ‘सिगविन’ आणि एक बनावट नाव अशा पाच किमती पाठवा. प्रत्यक्ष उघडण्याची खात्री मात्र तिन्ही सिस्टीमच्या खऱ्या मशीनवरच होते. मॅक हाताशी नसेल तर गिटहब ॲक्शन्समध्ये उबुंटू, विंडोज आणि मॅकओएस अशी तीन रनरची मॅट्रिक्स लावा. मॅकवर स्टार्टफाइल बोलावणारी ती ओळ पहिल्याच रनमध्ये लाल झाली असती.